लंडनचे अकरा

मुंबईहून लंडनला विमानानं किती तास लागतात, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते: सुटायची वेळ कुणाच्या घड्याळाची आणि पोचायची कुणाच्या? समोरचा माणूस वैतागतो. घरातली मुलं तर म्हणतात, साधं उत्तर द्यायचं हिला जमतच नाही. नाही जमत. या एका प्रश्नावरून आमच्या घरात एकदा असं काही झालं, की पुढं साठ वर्षं झाली तरी मला तो साधा वाटत नाही.

आम्ही अकोल्याला रेल्वेच्या क्वार्टरात राहायचो. वडील पार्सल ऑफिसात कारकून होते. दोन खोल्या, पुढं अंगण, मागं अंगण, आणि भिंतीतल्या फळीवर चावीचं घड्याळ. ते वडील रोज स्टेशनच्या घड्याळाशी मिळवायचे. दोन मिनिटं जरी पुढं गेलं तरी त्यांना करमत नसे. घड्याळाशेजारी रेल्वेचं टाइमटेबल ठेवलेलं असायचं. जाड, कोपरे दुमडलेलं, मधल्या पानांना वडिलांनी स्वतः खळ लावून डकवलेलं. नवीन आलं की जुनं आम्हाला वह्यांच्या कव्हरांसाठी मिळे.

त्या टाइमटेबलामुळे वडिलांना वस्तीत मान होता. जठारपेठेपासून माणसं विचारायला यायची. बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला किती वाजता पोचू, भुसावळला पुढची गाडी सापडेल का. वडील पुस्तक उघडायचे, बोट खाली खाली न्यायचे आणि सांगायचे. पुष्कळदा पाठच असायचं, पण तरी उघडायचे. छापलेलं दाखवून सांगण्यात त्यांना फार समाधान होतं. त्यांच्या वडिलांना अक्षर येत नव्हतं. छापील आकडा जातपात बघून वेगळा होत नाही, सगळ्यांना तोच असतो, असं ते म्हणायचे, आणि म्हणताना नकळत ताठ बसायचे.

आईची एक रीत होती. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते मुक्कामाला पोचेपर्यंत ती तोंडात घास घालत नसे. भाऊ आधी अमरावतीला शिकायला होता, मग नागपूरला डॉक्टरकीला. तो सुटी संपवून निघाला की आई चूल आवरून बसायची. वडील टाइमटेबल बघून सांगायचे, "लागली गाडी. जेव आता." मग ती जेवायची. गाडी कुठं अडकून पडली तर वडिलांना स्टेशनात कळायचंच, ते घरी निरोप धाडायचे आणि आईचं जेवण तेवढं पुढं जायचं. फोन नाही, काही नाही, पण या रीतीत कधी घोटाळा झाला नाही.

वडिलांना खरं तर ही रीत पसंत नव्हती. नागपूरला जाऊन आम्ही सगळ्यांनी दीक्षा घेतली, तेव्हापासून आईनं एकादशी, सोमवार, चतुर्थी सगळं एका दमात सोडलं होतं. एवढं एकच मात्र सोडलं नाही.

"हा उपास नाई त काय हाये?" वडील म्हणायचे.

"उपास देवासाठी करतेत. मी फक्त वाट पाहून राहिली," आई म्हणायची.

भाऊ डॉक्टर झाला आणि त्याला विलायतेतल्या एका हॉस्पिटलात जागा मिळाली, तेव्हा मी नववीत होते. जानेवारीचे दिवस. तो कागदपत्रांसाठी आठ दिवस आधी मुंबईला गेला. वडिलांना रजा मिळाली नाही, त्यामुळे विमानावर पोचवायला आमच्यातलं कुणीच जाणार नव्हतं. तिकीट हातात पडल्यावर त्यानं घरी कार्ड टाकलं. त्यात एक ओळ होती: शनिवारी रात्री अडीचला सांताक्रूझहून सुटणार, वाटेत कैरो आणि रोम, लंडनला रविवारी सकाळी अकराला पोचणार.

वडिलांनी कार्ड दोनदा वाचलं. मग टाइमटेबलाशेजारी उभं करून ठेवलं आणि जाहीर केलं, "साडेआठ तास. नागपूरच्या पॅसेंजरपेक्षा दीड-दोन तास जास्त, बस."

आईचा चेहरा एकदम मोकळा झाला. ती सात समुद्र वगैरे ऐकून धास्तावली होती. साडेआठ तास तिच्या हिशेबात बसण्यासारखे होते. पण तिनं एक गोष्ट विचारली, "अन् वाटेत खाली काय असते?"

"खाली काय असन? हवा."

"म्हंजे इतका वेळ तो अधांतरीच," आई म्हणाली. गाडीत बसलेल्या माणसाखाली निदान जमीन असते. हे तिनं बोलून दाखवलं नाही, पण मला ते तेव्हाच कळलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं.

माझ्या डोक्यात मात्र दुसरा भुंगा शिरला. वर्तमानपत्रात मी वाचलं होतं की ही नवी जेट विमानं तासाला पाचशे मैल जातात. मग मुंबई ते लंडन अंतर किती? रस्ता नाही, रूळ नाही, मैलाचे दगड नाहीत. मोजायचं कसं? मी शाळेचा अ‍ॅटलास काढला, आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला आणि जगाच्या नकाशावर मुंबईपासून कैरो, रोम करत लंडनपर्यंत ठेवला. मग तोच दोरा खालच्या मैलांच्या पट्टीवर धरला. सहा हजाराच्या जवळ आलं. पाचशेनं भागलं तर बारा तास. वडिलांचे साडेआठ आणि माझे बारा.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत भूगोलाच्या बाईंना गाठलं. बाई तशा तुसड्या, पण प्रश्न विचारला की खूश होणाऱ्या. त्या म्हणाल्या, "सपाट नकाशावर मोजलंस? पोळी लाटताना कडा पसरते ना, तसं असतं ते. कपाटातला गोल काढ." आमच्या शाळेचा पृथ्वीचा गोल दक्षिण अमेरिकेजवळ चेपलेला होता, पण आमच्या बाजूनं ठीक होता. विषुववृत्ताला दोरा गुंडाळला, तो अडतीस इंच भरला. म्हणजे अडतीस इंचाला पंचवीस हजार मैल. आणि मुंबई-कैरो-रोम-लंडन साडेसात इंच. पाच हजार मैलांना थोडं कमी. दहा तास.

तरी साडेआठ होईनात! आणि त्यात कैरोला थांबायचं, रोमला थांबायचं, तेल भरायचं. मी इतकी चिडले होते की मधल्या सुटीत डबाही खाल्ला नाही. विमान स्वतःच्या वेगापेक्षा लवकर कसं पोचेल? भावानं कार्डावर चुकीचं लिहिलं असेल, अशीही शंका आली. मी बाईंना कार्डावरच्या वेळा सांगितल्या तेव्हा त्या कपाट बंद करत होत्या. म्हणाल्या, "अकरा वाजता म्हणजे कुठल्या अकरा वाजता?" आणि किल्ली फिरवून निघून गेल्या.

एका रेखांशाला चार मिनिटं. हे मी चौथीपासून घोकत होते. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची, लंडनपाशी शून्य. साडेब्याऐंशी गुणिले चार. तीनशे तीस मिनिटं, साडेपाच तास. घोकलेली गोष्ट खरी असते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. लंडनमध्ये अकरा वाजतील तेव्हा आमच्या फळीवरच्या घड्याळात संध्याकाळचे साडेचार वाजलेले असतील. प्रवास साडेआठ तासांचा नव्हता, चौदा तासांचा होता. दहा तास उडायचं, उरलेले थांबण्यात आणि समोरच्या वाऱ्यात. सगळं जुळलं. मी घरापर्यंत पळत गेले.

वडील शनिवारी संध्याकाळी ड्युटीवरून आले तेव्हा मी त्यांच्यासमोर वही धरली. त्यांनी माझा हिशेब शेवटपर्यंत ऐकून घेतला, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. मग म्हणाले, "टाइमटेबलात दोन घड्याळं नसतेत."

"पण बाबा, हे दुसऱ्या देशातलं..."

"मुंबईवाल्यायनं किती वर्सं आपला येगळा टाइम ठेवला होता. गावात एक टाइम, स्टेशनात एक. रेलवेनं कदी मानला नाई. शेवटी त्यायलेच सोडा लागला. सुटाची येळ अन् पोचाची येळ एकाच टाइमानं छापतेत. नाई त लोकायनं गाड्या कशा पकडाच्या?"

"हे गाडीचं नाही, विमानाचं आहे."

"तू मले टाइमटेबल शिकवून राहिली काय वं?"

आवाज चढला होता. मी वही मिटली. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं अडाणीपणाचं नव्हतं. भुसावळपासून नागपूरपर्यंत, कलकत्त्यापर्यंत, त्यांनी आयुष्यभर जी वजाबाकी केली ती कधी चुकली नव्हती. रेल्वेच्या माणसानंच करावी अशी ती चूक होती. पण हे मोठेपण मला आत्ता सुचतंय. तेव्हा मला फक्त राग आला होता, आणि भीती वाटत होती. कारण आई चुलीपाशी बसून दोघांचं ऐकत होती, आणि उद्या ती कुणाच्या अकराला जेवणार हा प्रश्न होता. भाऊ समुद्रावर लटकत असताना ती जेवली आणि नंतर तिला ते कळलं, तर ती स्वतःला कधी माफ करणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

रविवारी सकाळी आईनं चहासुद्धा घेतला नाही. भाकरी टाकल्या, वांग्याची भाजी केली, वरण केलं. वडिलांना सुटी होती. ते दाढी करून, धुतलेला सदरा घालून घड्याळासमोर येऊन बसले. स्टेशनात गाडीची वाट बघावी तसे. उपासाची टिंगल करणारा हा माणूस, पण सकाळपासून त्यांनीही चहाशिवाय काही घेतलं नव्हतं.

अकराला ठोके पडले. वडिलांनी मांडीवर थाप मारली.

"लागलं विमान! लंडनले उतरला तुहा पोरगा. वाढ आता, अन् तुयंबी वाढून घे. पित्त होईन."

आईनं माझ्याकडे बघितलं. मी काहीच बोलले नाही. मान हलवली असती तरी पुरलं असतं, तेवढंही केलं नाही. कालचा चढलेला आवाज माझ्या कानात होता.

तिनं वडिलांचं ताट वाढलं. वडील इतके आनंदानं जेवले की मला अजून तो आवाज आठवतो, भाकरी मोडल्याचा. दोन भाकरींवर त्यांनी तिसरी मागून घेतली. आई स्वतःचं ताट वाढून आत चुलीपाशी गेली. मला हाक मारली, तर मी भूक नाही म्हटलं आणि मागच्या अंगणात जाऊन पायरीवर बसले. जेवण झाल्यावर वडील बाजेवर आडवे झाले आणि पाच मिनिटांत घोरायला लागले.

थोड्या वेळानं मागचं दार वाजलं. आई ताट घेऊन बाहेर आली. जसंच्या तसं भरलेलं. तिनं ते पायरीवर ठेवलं, वर टोपली उपडी घातली आणि माझ्याजवळ बसली.

"साडेचार म्हणली होती ना तू?"

मी नुसती मान हलवली. मला रडू येत होतं.

"मंग साडेचार वाजले का सांगजो मले," ती म्हणाली. "अन् त्यायले उठवू नको. रातभर झोपले नाई ते."

ते पाच तास माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या वेळांपैकी आहेत. अ‍ॅटलास मांडीवर होताच. आई विचारत होती आणि मी सांगत होते. अकराला तो कुठं होता? समुद्रावर, कैरो आणि रोमच्या मध्ये. आईनं त्या निळ्या जागेवर बोट ठेवलं. आता कुठं असन? आता रोमला, तेल भरत असतील. तिथं दिवस हाये का? तिथं नुकतं उजाडलं असेल. म्हणजे आपली दुपार व्हाले आली अन् तिथं सकाळ?

मी तिला रेखांश समजावायला लागले. तिनं मला मध्येच थांबवलं. "समजलं," ती म्हणाली. "थंडीच्या गोधड्या मी सकाळी समोरच्या अंगणात टाकतो. मांगच्या अंगणात तवा सावली असते. दुपारी ऊन इकडे येते, मंग मी गोधड्या इकडे आनतो. ऊन तेच. आपन समोरच्या अंगणात राहतो अन् तो मांगच्या अंगणात गेला."

मी अ‍ॅटलास बाजूला ठेवला. शाळेत बाईंनी दोन तास घेऊन जे शिकवलं होतं ते तिनं बसल्या जागी केलं होतं, आणि तिला त्याचं काही विशेषही वाटलं नव्हतं. नंतर तिनं विचारलं की विमानात तहान लागली तर काय करतात, ढगात शिरल्यावर अंग ओलं होतं का, एकदम वळायचं झालं तर माणसं एका बाजूला पडतात का. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी तरी उत्तरं दिली.

साडेचारला मी आत जाऊन घड्याळ बघून आले. "आई, वाजले." तिनं टोपली काढली. भाकरी कडक झाली होती, भाजीवर तेलाचा थर आला होता. तिनं पहिला घास मला भरवला, मग स्वतः घेतला. आम्ही दोघींनी एका ताटात सगळं संपवलं. पाचला वडील उठले तेव्हा ती चहा ठेवत होती.

सोमवारी तार आली. सुखरूप पोचल्याची. वडील ती ऑफिसातून हातात धरूनच आले. तारेवर ती तिथून कधी दिली ती वेळ असते. बारा वाजून वीस मिनिटं. "पाह्य!" ते मला म्हणाले. "अकराले उतरला, बारा वीसले तार केली. छापील येळ!" माझ्या जिभेवर आलं होतं की ही वेळही तिथलीच आहे. पण आईनं माझ्याकडे असं काही बघितलं की मी तोंड मिटलं. वडील त्या दिवशी वस्तीत चार घरी ती तार दाखवून आले.

भावाचं निळं पत्र यायला आणखी बारा-तेरा दिवस गेले. वडिलांनी ते दिवेलागणीआधीच, अंगणात बसून, मोठ्यानं वाचलं. थंडी फार आहे, धुकं आहे, हॉस्पिटल मोठं आहे, खोलीत एक बंगाली डॉक्टर आहे, भाकरीची आठवण येते. मध्ये एका ठिकाणी ते अडखळले, खाकरले, पुढं वाचायला लागले. आईनं पत्र हातात घेऊन डोळ्यांना लावलं. तिला वाचता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ते स्वतः वाचायला घेतलं, आणि जिथं वडील खाकरले होते तिथं ही ओळ सापडली: "विमान उतरलं तेव्हा माझ्या हातातल्या घड्याळात आपले साडेचार वाजले होते आणि तिथल्या भिंतीवर अकरा. कार्डावर मी तिथली वेळ लिहिली, तेव्हा लक्षातच आलं नाही. आई आपल्या अकरालाच जेवली असेल. एका परीनं बरंच झालं, उपाशी राहिली नाही."

मला झालेला आनंद चांगला नव्हता, हे कबूल करते. मी जिंकले होते, आणि वडिलांनी ते लपवलं होतं. मी पत्र घेऊन सरळ पार्सल ऑफिसात गेले. वडील एकटेच होते, कापसाच्या गाठींच्या पावत्या लावत होते. मी ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "बाबा, हे तुम्ही वाचलं नाही."

त्यांनी पत्राकडे बघितलंसुद्धा नाही. पावत्या बाजूला केल्या, चष्मा काढला.

"काय सांगू तिले?" ते म्हणाले. "लेकरू अधांतरी होतं अन् मी तिले म्हणलं, जेव. जलमभर तिनं माह्या शब्दावर घास घेतला. एक डाव चुकलो, तो असा चुकलो." आवाज फुटला म्हणून ते थांबले. मी वडिलांना त्याआधी कधी असं बघितलं नव्हतं. माझा सगळा विजय तिथल्या तिथे जिरला, आणि स्वतःची लाज वाटली.

"बाबा, ती नव्हती जेवली," मी म्हटलं. "ताट झाकून ठेवलं होतं. साडेचारला जेवली."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग सावकाश विचारलं, "अन् तू?"

"मीही तिच्यासोबतच."

बाहेर कुठलीशी मालगाडी जात होती. रोज ते सवयीनं डबे मोजायचे, त्या दिवशी मोजले नाहीत.

"म्हंजे त्या दिवशी घरात मी एकटाच जेवलो," ते म्हणाले. "तीन भाकरी."

त्यांनी चष्मा लावला, पत्राची घडी नीट केली आणि माझ्या हातात दिली.

"तुह्या मायले सांगू नको," ते म्हणाले, "मले मालूम पडलं म्हनून."